काशाची वाटी

खण्ण!

भिंगरीच्या हातातून स्टीलचं फुलपात्र निसटलं आणि फरशीवर गोल गोल फिरत बसलं. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती त्या खोलीत. म्हणजे ज्यांना टाचणी ऐकू येत होती त्यांच्यापुरती. निम्म्या माणसांनी दचकून मागे पाहिलं. उरलेल्या निम्म्यांनी, पहिल्या निम्म्यांनी पाहिलं म्हणून पाहिलं.

तिच्या आईने, धाकटीने, लेकीला जवळ ओढलं आणि ओठांवर बोट ठेवलं. भिंगरीनेही स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं, आणि त्या बोटाआडून आवाज न काढता म्हणाली, 'मी नाही पाडलं, ते पडलं.'

समोरच्या भिंतीवर मोठी पाटी होती : 'येथे एक शब्दही बोलू नये. नाद चिडतो.' वाजणारे कान बरे करणाऱ्या मौनगुरूंची ही पहिली अट. त्यांच्या मते कानात जे वाजतं ते म्हणजे आपण आयुष्यभर गिळलेले शब्द. ते पोटात जिरत नाहीत, कानात जाऊन बसतात आणि बाहेर पडायची वाट शोधत भणभणतात. कुणी तोंड उघडलं की त्यांना वाटतं आपलीच पाळी आली, की लागले किंचाळायला. म्हणून मौन. ऐकणाऱ्याला वाटावं की गुरूंनी त्या शब्दांची घरी जाऊन विचारपूस केलेली आहे.

जमलेली बहुतेक माणसं कापडाच्या कारखान्यातली होती. मागांच्या त्या शेडमध्ये आडवा धागा घेऊन धावणारे धोटे असे आदळायचे, की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जाणार नाही. म्हणून तिथे सगळे ओठांनी बोलत. नव्या पोरीला धागा जोडायला शिकवण्याआधी ओठ वाचायला शिकवत. लग्नं ओठांवर जमत, भांडणं ओठांवर पेटत, मुकादमाची नक्कल त्याच्या पाठीमागे ओठांवर चाले. हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की आवाज न काढता केलेल्या बोलण्याला कुणी बोलणं समजतच नसे.

त्यामुळे पाटीखाली बसून अख्खी खोली बिनआवाजी गप्पा मारत होती, आणि आपण मौन पाळतोय अशी प्रत्येकाची खात्री होती.

'माझ्या उजव्यात रातकिडे,' पलीकडची गाठवाली सांगत होती. तुटलेल्या धाग्यांना गाठी मारण्यात तिचा हात धरणारं शेडमध्ये कुणी नव्हतं, आणि बोलण्यातही नव्हतं. 'वरून सासू. रातकिडे निदान दिवसा जरा गप्प बसतात.'

धाकटी हसली. तिच्या डाव्या कानात शिट्टी होती. भिंगरीच्या वेळी बाळंतपणाची सुट्टी संपवून ती मागावर परतली, त्यानंतर कधीतरी लागलेली. बारीक, सरळ, न थांबणारी. नेमकी भिंगरीच्या आवाजाच्या उंचीची. लेक मोठ्याने बोलली की ऐकू येई. पण झोपताना डाव्या कुशीत शिरून ती जे कुजबुजायची ते सगळं त्या शिट्टीत बुडून जाई. मुलांच्या महत्त्वाच्या गोष्टी तर कुजबुजण्यातच असतात. धाकटीला दुसरं काही नको होतं. तेवढं ऐकायचं होतं.

तिला इथे आणलं थोरलीने, तिच्या मोठ्या बहिणीने. तीही मागावरचीच. कान फारच गेले म्हणून तिला कामावरून कमी केलं, तेव्हापासून मौनगुरूंकडे सेवा करत होती. पांढरी साडी नेसून ती रांगांमधून पाण्याचे पेले फिरवायची, प्रत्येकापाशी क्षणभर थांबायची, डोळ्यांत बघून हसायची. मग आतल्या खोलीत जायची, दार लावून घ्यायची, आणि थोड्या वेळाने गुरू बाहेर यायचे.

ते आले. दाढी विंचरलेली, चेहऱ्यावर पोट भरल्याचं समाधान. डोळे मिटून रांगेतून चालत गेले आणि गाठवालीसमोर थांबले.

"उजवा," ते कुजबुजले. त्या शांततेत ती कुजबुज घोषणेसारखी वाटली. "रातकिडे. पण खरे रातकिडे घरात आहेत, बाई. वयाने मोठे आहेत."

गाठवालीने आ वासला. रांगेतून एक सुस्कारा गेला. ही बाई तर पहिल्यांदाच आली होती! कुणाशी चकार शब्द बोलली नव्हती!

मग ते धाकटीसमोर आले. "डावा. शिट्टी. एक जीव जन्माला आला आणि शिट्टी लागली. तू आई झालीस, पण आईचे कान तुला मिळाले नाहीत."

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गुरूंनी काशाची मोठी वाटी तिच्या कानाशी धरली आणि लाकडी दांडा तिच्या काठावरून फिरवायला लागले. वाटी गुणगुणू लागली. आवाज वाढत वाढत डोकं भरून गेलं. किती वेळ, कुणास ठाऊक. मग वाटी थांबली.

आणि शिट्टी नव्हती.

कुठेच नव्हती. पंखा कुरकुरत होता. खिडकीबाहेर कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. आणि खांद्याशी भिंगरी हळूच म्हणाली, "आई, तू रडू नको ना."

ऐकू आलं. सगळं, शेवटच्या 'ना'पर्यंत.

धाकटी उठून गुरूंच्या पायांवर कोसळली. त्यांनी तिच्या हातात तेलाची बाटली ठेवली आणि सांगितलं, "कारखान्यात कानात बोळे घालतेस ते आजपासून बंद. बोळे म्हणजे नादाला घातलेली कडी. दार उघडं ठेव, तो आपला निघून जाईल."

घरी पोचेपर्यंत शिट्टी परत आली होती. गुरूंनी तेही आधीच सांगून ठेवलं होतं : नाद हट्टी असतो, पुन्हा पुन्हा यावं लागतं.

वाटेत तिने थोरलीला विचारलं होतं, "ताई, माझं तू सांगितलंस का गं त्यांना?"

"भिंगरीची शपथ," थोरली म्हणाली. "एक शब्द सांगितला नाही. मी कशाला सांगू? त्यांना दिसतं."

लहानपणी आई कामावर गेली की थोरलीच तिची वेणी घालायची. पोरीची शपथ घेतल्यावर धाकटीने पुढे काही विचारलं नाही.

तिने बोळे काढले. शेडमधून बाहेर पडल्यावर डोक्यात कुणी कापूस कोंबल्यासारखं होई आणि कापसाच्या आत शिट्टी. दर आठवड्याला वाटी, दर आठवड्याला दोन क्षणांचा स्वर्ग, आणि मग आधीपेक्षा मोठी शिट्टी. मागावरच्या एका म्हाताऱ्याच्या कानातून तर तेलानंतर पू यायला लागला. गुरू म्हणाले, घाण बाहेर पडतेय, शुभ आहे.

एका दुपारी शेडमधून येऊन धाकटी स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मळून झाली, हात धुतले, आणि सहज वळली तर भिंगरी कुठे दिसेना. न्हाणीघराच्या दाराला हात लावला तेव्हा दार हातात थरथरलं. पोर आतून दोन्ही मुठींनी दार बडवत होती. कडी अडकली होती. धाकटी त्या दारापासून चार पावलांवर कणीक मळत उभी होती आणि तिला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

शेजारच्याने कडी तोडली. भिंगरीचा आवाज बसला होता. ती आईच्या गळ्यात पडून ओठांनीच म्हणाली, 'मी खूप हाका मारल्या.'

दुसऱ्या दिवशी धाकटी कुणालाही न सांगता कानाच्या डॉक्टरांकडे गेली. आपण गुरूंना चोरून काही करतोय असं वाटत होतं तिला.

डॉक्टर बाई चष्मा कपाळावर चढवून बसणाऱ्या, बोलायला फटकळ. त्यांनी कानात पाहिलं, काचेच्या खोलीत बसवून यंत्रावर ऐकण्याची तपासणी केली, आणि विचारलं, "बोळे घालता?"

"घालत होते. काढले."

"कुणी सांगितलं?"

धाकटीने सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून काढून टेबलावर ठेवला. "काही महिन्यांपूर्वी तुमच्या कारखान्यातल्यांचे कान मीच तपासले होते. तेव्हापेक्षा तुमचं ऐकणं उतरलंय. बारीक आवाज सगळ्यात जास्त."

"बारीक म्हणजे?"

"पक्ष्यांचे. घंटीचे." डॉक्टर स्टुलावर पाय हलवत बसलेल्या भिंगरीकडे बघून थांबल्या. "मुलांचे."

धाकटीने पदर मुठीत धरला. "पण वाटी वाजवली की थांबतं हो! मी माझ्या कानांनी ऐकलंय. म्हणजे... नाही ऐकलंय."

"बसा. हे कानाला लावा."

कानांवर लावलेल्या त्या यंत्रातून सर्र असा आवाज आला, पत्र्यावर बारीक वाळू ओतत राहावी तसा. तो चालू होता तोवर शिट्टी ऐकू येईनाशी झाली. मग डॉक्टरांनी बटण बंद केलं.

शांतता. तीच. वाटीनंतरची.

"इथे कुठे गुरू दिसले तुम्हाला?" डॉक्टर म्हणाल्या. "बऱ्याच जणांचं असं होतं. बाहेरून योग्य तो आवाज काही काळ दिला की कानातला आवाज थोडा वेळ दबतो. मग येतो परत. आम्हालाही याचं नवल वाटतं. पण वाटी काय, पंखा काय, हे यंत्र काय, कुणात दैवी शक्ती नाही. आतल्या कानातल्या बारीक पेशी मोठ्या आवाजाने मरतात. त्यांच्याकडून निरोप येईनासा झाला की मेंदू ती रिकामी जागा स्वतःच भरून काढतो. ती तुमची शिट्टी."

"जाईल?"

"पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. म्हणाले तर माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय? पण मागे पडू शकते. घड्याळाची टिकटिक कशी, असते पण कळत नाही, तशी. त्यासाठी कान सांभाळावे लागतील."

धाकटीने कानांवरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. मग हट्टाने म्हणाली, "बरं, वाटीचं समजलं. पण त्यांना कळतं कसं? गाठवालीचे रातकिडे, तिची सासू? बाहेर कुणी एक शब्दही बोलत नाही!"

"ते मला नाही सांगता येणार. पण सांगितल्याशिवाय कुणाला काही कळत नाही एवढं नक्की."

"मावशी सांगते ना," भिंगरी स्टुलावरून म्हणाली.

दोघींनी तिच्याकडे पाहिलं.

"आतल्या खोलीच्या दाराला काच आहे ना, खालून धुरकट आणि वरून स्वच्छ? मी बाकावर उभी राहिले की वरून दिसतं. मावशी त्यांच्या कानाशी सांगते. 'खिडकीजवळची, हिरवं लुगडं, उजव्या कानात रातकिडे, सासूचा जाच.' मग तुझं सांगितलं. 'माझी बहीण, डावा कान, मूल झाल्यापासून.' मी ओठ वाचले. मावशीनेच शिकवलेत मला."

"मग सांगितलं का नाहीस मला?" धाकटीचा आवाज चिरकला.

"तुला माहीत असेल असं वाटलं," भिंगरी म्हणाली. "मावशीचं कामच आहे ना ते."

धाकटी लेकीवर ओरडली. खोटं बोलतेस, म्हणाली. मग तिचाच हात धरून रडली. डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि दोघींना थोडा वेळ एकटं सोडलं. परत आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "पोरीवर विश्वास ठेवू नका, बहिणीवर ठेवू नका, माझ्यावरही ठेवू नका. तपासून पाहा. अशी गोष्ट सांगा जी खरी नाहीच. जी फक्त तुमच्या ओठांवर आहे, कानात नाही."

पुढच्या बैठकीला खोली खच्चून भरली होती. धाकटी गाठवालीच्या समोर बसली. थोरली पेले घेऊन रांगेत शिरली तेव्हा धाकटीने ओठ हलवले : 'अगं, आता उजव्या कानातही सुरू झालंय. आत बसून कुणी भांडी घासतंय असं वाटतं. काथ्याने. खसाखसा.'

'बाई गं!' गाठवाली म्हणाली. 'माझे रातकिडे बरे म्हणायचे.'

थोरली पेला घेऊन समोर आली. तिचे डोळे भरून आले होते. बहिणीचा दुसराही कान गेला, याचं तिला खरंखुरं वाईट वाटलं होतं. तिने धाकटीच्या गालावरून हात फिरवला. धाकटीला वाटलं, आता नाही सांगणार ही. एवढं बघून नाही सांगणार.

थोरली वळली, आत गेली, आणि तिने दार लावून घेतलं.

भिंगरी बाकावर उभी राहिली. वरच्या स्वच्छ काचेतून पाहत तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला. 

गुरू बाहेर आले. डोळे मिटून चालत तिच्यासमोर थांबले. चेहऱ्यावर करुणा.

"आता उजवाही," ते कुजबुजले. "घासतंय... कुणीतरी घासतंय. भांडी! खसाखसा! पोरी, तू आयुष्यभर दुसऱ्यांची उष्टी काढलीस, ती आता कानात आली!"

खोलीतून नवलाचा सुस्कारा गेला. आणि त्या पाटीखाली धाकटी उभी राहून मोठ्याने, स्पष्ट, बोलली.

"माझ्या उजव्या कानात काही वाजत नाही."

गुरूंनी डोळे उघडले.

"भांडीबिंडी काही नाहीत. हे मी आत्ता बनवून हिच्याशी ओठांनी बोलले. मुद्दाम. ते खोटं होतं, गुरुजी. मग तुमच्या त्या नादाने खोटं कसं सांगितलं तुम्हाला?"

"नाद चिडेल! बोलू नये—"

"आम्ही रोजच बोलतो इथे!" ती लोकांकडे वळली आणि ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांच्यासाठी ओठ सावकाश हलवत म्हणाली, "आपण सगळे बोलतो. पाटीखाली बसून तोंडभर बोलतो. आपल्याला वाटतं हे बोलणं नाही. जिला आपले ओठ वाचता येतात ती पाणी वाटत फिरते आणि आत जाऊन सांगते. एवढीच यांची दिव्यदृष्टी."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग गाठवालीचं डोकं भराभर चाललं. तिने दाराकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं.

"म्हणजे माझ्या सासूचं पण...?" ती ताडकन उठली. "अहो मौनगुरू! आता सोडा की मौन! का तुमचेही रातकिडे गप्प बसले?"

कुणी हसलं. त्या एका हसण्याने गुरूंचं तेज उतरलं. ज्या म्हाताऱ्याचा कान वाहत होता तो उठला. तेलाची बाटली गुरूंच्या पायाशी ठेवून काठी टेकत निघून गेला. वाटीचं रहस्य धाकटीने सांगेपर्यंत गुरू मागच्या दाराने पसार झाले होते. वाटी तेवढी राहिली. भिंगरीने ती वाजवून पाहिली. छान वाजत होती.

थोरली आतल्या खोलीतच भिंतीला टेकून उभी होती.

"शपथ घेतली होतीस," धाकटी म्हणाली. "माझ्या पोरीची."

"तुला बरं वाटत होतं ना? तू हसत घरी जायचीस." थोरलीचा आवाज नेहमीसारखा जरा जास्तच मोठा होता; तिला स्वतःला तो ऐकू येत नसे. "कारखान्यात मला बहिरी म्हणून काढलं. इथे माझ्या नजरेला किंमत होती. कुणाला तरी मी लागत होते गं."

"ते समजलं मला. तेही एक वेळ सोडते." धाकटी जवळ गेली. "पण ते म्हणाले बोळे काढ. तुझे कान त्याच शेडने खाल्लेत. बोळे काढल्यावर काय होतं हे तुझ्याएवढं कुणाला माहीत होतं? तू तिथे उभी होतीस, ताई. पेले हातात घेऊन. तेव्हा का नाही बोललीस?"

थोरलीने पांढऱ्या साडीचा पदर ओठांवर घट्ट धरला. 

पुढची गोष्ट साधी आहे. मागावरच्या लोकांनी मिळून डॉक्टरांना शेडमध्ये बोलावलं. त्यांनी सांगितलं ते ज्याचे कान वाजतात त्या प्रत्येकाने ऐकावं असं आहे. कान वाजणं हा शाप नाही आणि गिळलेले शब्दही नाहीत. मोठा आवाज, कानात साचलेला मळ, काही गोळ्या, रक्तदाब, वय, अशी त्याची कारणं असतात, आणि ती तपासून शोधावी लागतात. मळ असेल तर डॉक्टर काढतात. मनाने कानात तेल, काडी, रस काही घालू नये. पडद्याला भोक असेल तर आहे तेही जातं. एकाच कानात अचानक सुरू झालं, ऐकू यायचं बंद झालं, चक्कर आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बाकी निसर्गाचा उपाय म्हणाल तर तो फुकट आहे : गोंगाटात कान झाकणं, पुरेशी झोप, निजताना अगदी शांततेऐवजी पंख्याचा हलका आवाज, आणि काळजी थोडी कमी. चहा कमी करून काहींना बरं वाटतं, काहींना नाही. करून पाहा, नाही वाटलं तर खुशाल प्या. आणि कुणी म्हणालं की तुमच्या मनातलं मला न सांगता कळतं, तर आधी विचारा, त्याला सांगितलं कुणी?

धाकटी पुन्हा बोळे घालू लागली. शिट्टी आहे. काही दिवस मागे पडते, काही दिवस पुढे येते. भिंगरी आता झोपताना उजव्या कानाशी कुजबुजते.

एका रविवारी मायलेकी खिडकीत बसल्या होत्या. धाकटी लेकीचे केस विंचरत होती. रस्त्यापलीकडे थोरली येऊन उभी राहिली. पांढरी साडी नव्हती. मध्ये गाड्या वाहत होत्या, इकडचं तिकडे काही ऐकू जाणं शक्य नव्हतं, आणि त्या दोघींना त्याची कधी गरजही पडली नव्हती. थोरलीने मान वर केली. ओठ हलवले.

धाकटीने नजर खाली, कंगव्यावर आणली. वाचायचंच नाही असं ठरवून एकेक गुंता सोडवत राहिली.

"आई," भिंगरी म्हणाली, "मावशी 'चुकले' म्हणतेय."

कंगवा थांबला.

"पुन्हा म्हणतेय. 'चुकले गं.'" भिंगरी काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिली. मग वळली, आईच्या उजव्या कानाशी आली आणि कुजबुजली,

"आई, खरं म्हणतेय का ती?"